बाईंना विशेषणं चालत नसत

बाईंनी माझा बायोडेटा पहिल्यांदा वाचला तेव्हा त्या वालाच्या शेंगा निवडत होत्या. मांडीवर परात, एका हातात शेंग, दुसऱ्या हातात माझा कागद. दोन ओळी वाचून त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं आणि शेंगांच्या शिरा काढाव्यात तशी त्यातली विशेषणं काढायला सुरुवात केली. 'हार्डवर्किंग' गेलं. 'सिन्सियर' गेलं. 'डायनॅमिक वातावरणात काम करण्याची इच्छा' यातलं डायनॅमिक गेलं, मग थोडा विचार करून त्यांनी वातावरणही काढलं. शेवटी कागदाच्या त्या बाजूला माझं नाव, पत्ता आणि कॉलेजचं नाव उरलं. छंदांमधलं 'वाचन' त्यांनी जाताजाता खोडलं, कारण माझ्या खोलीत पुस्तक त्यांना कधी दिसलं नव्हतं.

"विशेषणं राहू देत," त्या म्हणाल्या. "क्रियापद काय तुझं?"

मी परात पुढे ओढली आणि वाल सगळे सोलून दिले.

बाई म्हणजे माझ्या पनवेलच्या घरमालकीण. सिनेगॉगच्या मागच्या गल्लीत त्यांचं तळमजल्यावरचं घर होतं आणि मागची एक खोली त्या नोकरी करणाऱ्या मुलीला भाड्याने देत. पाताळगंगेकाठच्या एका केमिकल कारखान्यात त्यांनी जन्मभर पर्सोनेल खात्यात काम केलं होतं. माणसं निवडणं, हेच काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते काही अंगातून गेलं नव्हतं. समोर येईल त्याची त्या मुलाखत घेत. सिलिंडर आणणाऱ्याची घेत, झुरळांचं औषध मारायला आलेल्याची घेत. शेजारच्या मुलीला बघायला आलेला एक मुलगा घर चुकून बाईंच्या दारात उभा राहिला, तर त्याला आत बोलावून, पाणी देऊन, समोर बसवून त्यांनी प्रश्न सुरू केले. ही मुलीची आई नव्हे हे त्याला कळेपर्यंत त्याने स्वतःच कबूल केलं होतं की त्याला लग्न नको आहे, कुत्रा हवा आहे. बाईंनी त्याला ओळखीतून कुत्रा मिळवून दिला. शेजारच्यांनी बाईंशी पुढे कितीतरी दिवस अबोला धरला आणि बाईंना ते कळलंच नाही, कारण त्या त्यांच्याशीही प्रश्नांतूनच बोलत आणि उत्तराची वाट बघायची त्यांना सवय होती.

घरात त्या चालत नसत, फिरत असत. कारखान्याने जुनं फर्निचर मोडीत काढलं तेव्हा त्यांनी आपली चाकांची खुर्ची घरी आणली होती. त्या खुर्चीत बसून, पायांनी जमिनीला रेटा देत, त्या ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून माझ्या खोलीपर्यंत सुसाट यायच्या. गुडघे ठणठणीत होते. मग असं का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या की खुर्चीत बसलं की डोकं चालतं आणि उठलं की पाय चालतात, दोन्ही एकदम कशाला चालवायचं. लाद्यांवरून चाकांचा खडखडाट जवळ आला की मी आपोआप पाठ ताठ करून बसायची.

बाई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. रायगडातल्या त्यांच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे होते आणि ते शनिवारी बंद असत, हे त्या अशा थाटात सांगत की जणू त्या स्वतः आदल्याच शनिवारी बैल सोडून आल्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी त्या दिवा लावत आणि तिथून शनिवारची संध्याकाळ होईपर्यंत कुठलंही काम करत नसत. मुलाखत हे त्यांच्या लेखी काम होतं. त्यामुळे शनिवारी त्यांचे फार हाल व्हायचे. एका शनिवारी बाथरूमचा नळ तुटला आणि प्लंबर आला. बाई ओठ घट्ट मिटून त्याच्याकडे बघत बसल्या. तो माणूस इतका अस्वस्थ झाला की काम संपवून पैसे न घेताच निघाला. रविवारी सकाळी सात वाजता बाईंनी त्याला फोन लावला आणि कालपासून साठलेलं सगळं विचारून घेतलं.

आता त्या मेलबर्नला मुलाकडे असतात. स्वतःच्या मर्जीने, स्वतःला वाटलं तेव्हा गेल्या. तिथून मला व्हॉइस मेसेज येतात. परवाच्या मेसेजमध्ये त्यांनी तिथल्या भाजीवाल्याची मुलाखत घेतली होती आणि मागून तो इंग्रजीत आपलं बालपण सांगताना ऐकू येत होता. पण मी सांगते आहे ते तेव्हाचं, जेव्हा मुलगा दर रविवारी फोन करून आई, आता इकडे ये म्हणायचा आणि बाई त्याला विचारायच्या, येते, पण तिथे येऊन मी करू काय ते सांग. तो म्हणायचा, आराम कर. बाई म्हणायच्या, ते मला येत नाही. नातलगांपैकी बहुतेक जण कधीच इस्रायलला गेले होते. घरात त्या आणि मी अशा दोघीच होतो, आणि आमच्यातल्या एकीला काम नव्हतं याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता.

झालं असं होतं की बेलापूरला ज्या ऑफिसात मी कामाला होते ते कंपनीने बंद केलं. माझं पद असिस्टंट मॅनेजर, क्लायंट सक्सेस. फलटणला आप्पा, म्हणजे माझे वडील, हे पद पाहुण्यांना सांगताना मध्येच थांबून श्वास घ्यायचे. नोकरी गेली हे मी घरी सांगितलं नाही असं नाही, सांगितलं, पण लगेच दुसरी मिळतेय असंही सांगितलं. आईने दुसरीकडे चौकशा सुरू केल्या होत्या आणि त्या नोकरीच्या नव्हत्या. दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर खोली सोडून परत यायचं, असं फोनवर ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं, मी 'हो' म्हटलं.

मग मी अर्ज करत सुटले. जिथे 'अप्लाय' दिसेल तिथे बोट दाबायचं. सिमेंट कंपनीत केला, शाळेत केला, नव्या विमानतळावर निघालेल्या जवळजवळ प्रत्येक जागेसाठी केला. त्यात एक जागा विमानतळावरचे पक्षी हाकलण्याची होती हे मला नंतर कळलं. त्यांच्याकडून मात्र लगेच उत्तर आलं. पक्ष्यांचा अनुभव आहे का असं त्यांनी विचारलं होतं. मी ते बाईंना हसत हसत वाचून दाखवलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची माझ्या पलंगापर्यंत रेटत आणली, माझा फोन बंद करून उशीखाली ठेवला आणि सांगितलं की आता काही दिवस एकही अर्ज करायचा नाही. आधी तुला काय येतं ते बघू, मग तुला काय हवंय ते बघू, आणि मग कोणाला त्याची गरज आहे ते बघू. तू हे उलट्या बाजूने करते आहेस.

त्या दिवसापासून माझी परीक्षा सुरू झाली. बायोडेटाच्या मागच्या बाजूला जे जे लिहिलं होतं त्या प्रत्येकाचा त्यांना पुरावा हवा होता. 'एक्सेल उत्तम' याचा पुरावा म्हणून त्यांनी मला सिनेगॉगच्या सणाच्या जेवणाची पानं आणि माणसं जुळवायला लावली आणि माझ्या हिशेबाप्रमाणे भात इतका केला गेला की गल्लीत सगळ्या घरी संध्याकाळी फोडणीचा भात होता. 'एक्सेल बरं' असा शेरा मिळाला. 'वाटाघाटी' याच्यासाठी मला मासळी बाजारात पाठवलं. बाईंना धर्माप्रमाणे खवल्यांचाच मासा चालतो, कोळंबी, खेकडे घरात येत नाहीत, हे मला माहीत होतं. मी रावस आणायला गेले आणि कोळणीशी घासाघीस करता करता तिच्या सुनेच्या बाळंतपणाची गोष्ट ऐकत बसले. रावस पहिल्या भावालाच घेतला आणि वर तिला एका डॉक्टरीणबाईंचा नंबर देऊन आले. वाटाघाटी कापल्या गेल्या. बाईंनी मला विचारलं की सुनेला नक्की काय होत होतं. मी सगळं सांगितलं, कळा कधी सुरू झाल्या इथपासून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

'नेतृत्वगुण' तपासायला आम्ही नदीकाठच्या आपटा गावी गेलो. म्हणजे मी गेले, बाईंच्या मैत्रिणींना घेऊन. सगळ्या सत्तरीच्या आसपास, सगळ्यांच्या हातात डबे. मी आदल्या दिवशी वेळापत्रक केलं होतं. नदीकाठी बसणे, फराळ, गप्पा, परत. आमचा नेहमीचा रिक्षावाला शिरढोणचा, त्याने आपल्या भावाची रिक्षाही आणली होती. मागे एकदा बाईंनी त्याचीही मुलाखत घेतली होती, विमानतळावर ड्रायव्हर म्हणून लागतोस का म्हणून, तेव्हा तो म्हणाला होता, "आमाला सायब नको बाई. हाय तेच बरं हाय." बाईंनी उठून त्याच्याशी हात मिळवला होता. आपल्याला काय नको हे इतक्या थोडक्यात सांगणारा माणूस त्यांना कारखान्यातही भेटला नव्हता म्हणे.

तर आपट्याला उतरल्यावर मी टाळ्या वाजवून सगळ्यांना सूचना दिल्या आणि रिक्षातून चटया काढायला वळले. परत बघते तर काठावर कोणी नाही. नदी आहे, चटया आहेत, मी आहे. मी काठाने इकडून तिकडे धावले, हाका मारल्या, नदीतसुद्धा वाकून बघितलं. शेवटी एका घरातून गाण्याचा आवाज आला. तिथे बारसं चाललं होतं आणि आमच्या आज्या पाळण्याभोवती होत्या. एकीने तर बाळाला नाव सुचवून ते मंजूरही करून घेतलं होतं. यजमानांनी मला विचारलं की तुम्ही कुणीकडच्या. मी म्हटलं, मी यांची लीडर आहे. ते ऐकून सगळं घर हसायला लागलं आणि मलाही हसू आवरेना. हातात चटया घेऊन मी उंबऱ्यात बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

त्यातली एक आजी मात्र बारशाला आत गेली नव्हती. ती पडवीत एकटीच फुगून बसली होती. सकाळपासून तिला कोणी धड विचारलं नव्हतं असं तिचं म्हणणं होतं, आणि ते खरंच होतं. मी तिच्याजवळ बसले. आधी तिने माझ्यावर राग काढला, मग मैत्रिणींवर, मग गेलेल्या नवऱ्यावर. मी ऐकत होते. परत येताना ती रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून जुनी गाणी म्हणत होती आणि इतरांनी तिला ताल धरला होता. संध्याकाळी बाईंनी निकाल सांगितला. नेतृत्व, अजिबात नाही. पण ती आजी गेली कित्येक वर्षं कुठल्याही सहलीहून न रागावता परत आलेली नाही, असं त्या पुढे म्हणाल्या. तिला तू काय केलंस?

काही केलं नाही, मी म्हटलं. नुसतं ऐकलं.

"ऐकलं हे क्रियापद आहे," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी मला बेलापूरच्या ऑफिसातला एक साधा दिवस सांगायला लावला. मीटिंगा, प्रेझेंटेशनं, रिपोर्ट असं मी सांगत गेले आणि त्या जांभया देत राहिल्या. शेवटी मी म्हटलं, आणि कधीकधी एखादा कस्टमर फारच भडकला की त्याचा फोन माझ्याकडे द्यायचे. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. मग काय व्हायचं? मग काही नाही, त्याला आधी सगळं बोलू द्यायचं, मग नेमकं काय हवंय ते काढून घ्यायचं आणि ते जमेल की नाही ते खरंखरं सांगायचं. एक गृहस्थ तर शिव्या देत सुरू झाले होते आणि फोन ठेवताना त्यांनी मला त्यांच्या गावच्या जत्रेला बोलावलं होतं. हे बायोडेटात का नाही, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, ते काय लिहिणार, ते काही काम नव्हे, ते तर मी मधेमधे करायचे.

बाईंनी डोळे मिटले आणि कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या की पाच वर्षांनी तुला कुठे पोहोचायचंय ते मला सांगू नकोस, ते सगळे पाठ करून आलेले असतात. पाच वर्षांनंतरच्या एखाद्या मंगळवारी, दुपारी जेवण झाल्यावर, तू काय करत असलीस तर तुला झोप येणार नाही, तेवढं सांग. मी विचार करायला दोन दिवस घेतले आणि तिसऱ्या दिवशी म्हटलं की माहीत नाही, पण मॅनेजर तर व्हायलाच हवं, आप्पांना काय सांगू? बाईंनी खुर्ची ओट्याकडे वळवली. वाल भिजत घातले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कोन गावच्या बाजूला उघडलेल्या एका नव्या हॉस्पिटलची जाहिरात आली. असिस्टंट मॅनेजर, ऑपरेशन्स. शिवाय इतरही जागा, सगळ्यांच्या मुलाखती एकाच दिवशी. पद माझ्या आधीच्या पदाला शोभणारं होतं. मी अर्ज केला, बोलावणं आलं. बाई म्हणाल्या, मीही येते, हॉस्पिटल बघून होईल.

तिथे गेलो तर हॉल खचाखच भरलेला. नर्स, अकाउंटंट, वॉर्डबॉय, लॅबवाले सगळे एकाच रांगेत, कोणाला कुठे जायचं माहीत नाही. एचआरचा एक तरुण मुलगा टाय सैल करून इकडून तिकडे धावत होता. मुख्य ऑफिसातून मुलाखती घ्यायला एक वरिष्ठ मॅडम येणार होत्या त्या हायवेवर अडकल्या होत्या. मी फाइल छातीशी धरून बसले. बाई बसल्या नाहीत. त्यांनी शेजारच्या मुलाला विचारलं, तू काय करतोस. मग त्याच्या शेजारच्याला. थोड्याच वेळात त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला होत्या आणि हॉलमध्ये खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. नर्सेस खिडकीपाशी, हिशेबवाले भिंतीशी, लॅबवाले दाराजवळ. एका मुलाला त्यांनी चक्क घरी पाठवलं, त्याचं वडिलांशी भांडण झालं होतं आणि तो केवळ त्यांच्या नाकावर टिच्चून आला होता. तो बाईंच्या पाया पडून गेला.

टायवाला मुलगा बाहेर आला, त्याने शिस्तीत बसलेला हॉल बघितला, आणि त्याच्या चेहऱ्यावर देव भेटल्यासारखा भाव आला. धावत बाईंकडे जाऊन त्याने विचारलं, मॅम, पर्सोनेल तुम्हीच बघता ना? बाई म्हणाल्या, हो, मी पर्सोनेलच बघते. तो त्यांना आदराने आत घेऊन गेला. दार बंद होताना बाईंनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा आत टेबलामागे तो मुलगा, एक डॉक्टर आणि मधल्या खुर्चीत बाई. मला एकदम असं हसू फुटायला लागलं की मी ते खोकल्यात घालवलं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की जणू सकाळी माझ्या डब्यात घावन घालून देणारी बाई दुसरीच कोणीतरी होती.

"बसा," त्या म्हणाल्या. "स्वतःबद्दल सांगा. पाठ केलेलं नको."

मग त्यांनी विचारलं की धुवायला गेलेल्या चादरी मोजून परत येत नाहीत, तुम्ही काय कराल? मी सिस्टिम, प्रोसेस, ट्रॅकिंग असं धडाधड बोलत सुटले. डॉक्टर मान डोलावत होते. टायवाला खूश होता. बाईंनी हात वर करून मला थांबवलं.

"तुम्हाला त्या चादरींबद्दल काही वाटतं का?"

मला खरंच काही वाटत नव्हतं. मी अर्ध्या कानाने दुसरंच ऐकत होते. बाहेर रिसेप्शनवर एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ ओरडत होते. त्यांना कोणी बसा म्हणत होतं, कोणी शांत राहा म्हणत होतं, आणि ते आणखी ओरडत होते.

नाही, मी म्हटलं. चादरींचं काही वाटत नाही. पण बाहेर ते आजोबा मघापासून ओरडतायत आणि त्यांना नेमकं काय हवंय हे अजून कोणीही विचारलेलं नाही. माझं सगळं लक्ष तिकडे आहे.

"मग जा," बाई म्हणाल्या. तुम्ही-बिम्ही सगळं विसरून.

मी मुलाखत सोडून उठले आणि गेले. आजोबांच्या हातात स्टीलची डबी होती. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि विचारलं. त्यांनी माझ्यावरही ओरडून घेतलं, मग डबी उघडून दाखवली. आत बायकोची कवळी. बायकोला कुठल्यातरी दुसऱ्या मजल्यावर हलवलं होतं, कुठे ते यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिच्या जेवणाची वेळ झाली होती. ती दातांशिवाय कोणासमोर तोंड उघडणार नाही, उपाशी राहील, असं सांगत त्यांनी डबी पुन्हा घट्ट मिटली. मी रिसेप्शनवर मजला विचारून घेतला आणि आम्ही लिफ्टने आधी चुकीच्या, मग बरोबर मजल्यावर पोहोचलो. आजींनी डबी हिसकावून घेतली, पाठ फिरवली, परत वळल्या तेव्हा दात होते आणि त्या आजोबांवर ओरडायला लागल्या. आजोबा माझ्याकडे बघून इतके हसले की वॉर्डमधले बाकीचेही हसायला लागले.

मी खाली आले तेव्हा मुख्य ऑफिसच्या खऱ्या मॅडम पोहोचल्या होत्या. त्यांनी बाईंना आपण कोण असं विचारलं होतं आणि बाईंनी शांतपणे माझ्याकडे बोट करून मी हिची घरमालकीण असं सांगितलं होतं. टायवाला भिंतीला टेकला होता. मॅडमनी आधी तोंडावर रुमाल धरला, मग टेबलावर डोकंच टेकलं. त्यांचे खांदे हलत होते. त्या हसत होत्या हे आम्हाला जरा वेळाने कळलं.

रिक्षात बसल्यावर बाईंनी सांगून टाकलं की त्यांनी माझं नाव मॅनेजरच्या जागेसाठी नको म्हणून सांगितलं आहे. मी त्यांच्याशी बोलले नाही. घरी आल्यावरही बोलले नाही. मुलाखत माझी, नोकरी माझी, दिवाळी तोंडावर आलेली, आणि ज्यांनी मला घावन बांधून दिलं त्यांनीच माझा पत्ता कापला. चाकांचा खडखडाट माझ्या दारापर्यंत आला, थांबला आणि परत गेला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. हॉस्पिटलमध्ये मदत कक्ष सुरू होणार होता, तिथे मला घ्यायचं होतं. मी आप्पांना फोन केला. म्हणजे चौकशीच्या खिडकीवर का, ते म्हणाले. मी म्हटलं, हो, साधारण तेच. मग मी त्यांना त्या कवळीची गोष्ट सांगायला लागले. गोष्ट लिफ्टपाशी आली तेव्हा त्यांनी आईला बोलावून फोन स्पीकरवर टाकायला लावला आणि पहिल्यापासून सांग म्हणाले. आजी ओरडायला लागल्या तिथे दोघंही हसले. मग आप्पांनी विचारलं, हे तुला रोज करायला मिळणार का? मिळेल, मी म्हटलं. आणि ते म्हणताना मला कळलं की मला दुसरी कुठलीच नोकरी नको आहे.

मी हे सांगायला बाईंच्या खोलीत धावले तर त्या फोन कानाला लावून बसल्या होत्या आणि चक्क गप्प होत्या. मुख्य ऑफिसच्या मॅडम बोलत होत्या. आठवड्यातून काही दिवस येऊन माणसं निवडून द्याल का असं त्या विचारत होत्या. बाईंनी एकच अट घातली, शनिवारी नाही. फोन ठेवून त्या खुर्चीतून उठल्या, पायांवर, आणि मला मिठी मारली. पुढच्या आठवड्यात त्यांनी दोघींसाठी मिळून मलिदा केला, म्हणजे त्यांच्याकडचा देवाचे आभार मानण्याचा प्रसाद. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं. मैत्रिणी आल्या, प्रार्थना झाली, आणि आपट्याला फुगून बसलेली ती आजी कोणाशीही न रागावता दोनदा वाढून घेऊन गेली.

नोकरीला लागून थोडे दिवस झाले असतील. एका दुपारी माझ्या खिडकीशी चाळिशीतला एक माणूस आला, हातात बॅग, बॅगेला विमानाची चिठ्ठी लटकलेली. आधी इंग्रजीत आणि मग अडखळत्या मराठीत तो ओरडायला लागला की त्याची आई इथे आहे, घराला कुलूप आहे, फोन बंद आहे, शेजारी म्हणतात हॉस्पिटलात गेली, आणि त्याला कोणी काहीही कळवलेलं नाही. तिला आश्चर्याचा धक्का द्यायला तो न सांगता आला होता. कुठल्या वॉर्डात आहे तेवढं सांगा, तो म्हणाला, आणि तिचं नाव सांगितलं.

मी त्याला सगळं बोलू दिलं. मग म्हटलं की त्या ठीक आहेत. त्या आजारी नाहीत, कामावर आहेत. त्याला ते कळेना, कारण बाईंनी रविवारच्या फोनवर नोकरीचं त्याला अजून सांगितलंच नव्हतं. मी त्याला आतल्या काचेच्या दारापाशी नेलं. बाई टेबलावर पुढे झुकून एका मुलीला काहीतरी विचारत होत्या. ती मुलगी रडता रडता हसत होती आणि बाई पदराने आपलेच डोळे पुसत होत्या. तो बराच वेळ बघत राहिला. खिशातून त्याने एक पाकीट अर्धवट बाहेर काढलं, पुन्हा आत ठेवलं. तिकिटं असावीत. तो आता चिडेल असं मला वाटलं आणि मी त्याची तयारी ठेवली.

"किती वाजता सुटते ती?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. तो उमेदवारांच्या बाकावर जाऊन बसला, बॅग मांडीवर घेऊन. तेवढ्यात दार उघडलं आणि बाई पुढच्या उमेदवाराला बोलवायला बाहेर आल्या. त्यांची नजर बाकावर गेली. बाईंना एकही प्रश्न सुचला नाही असं मी तेवढं एकदाच पाहिलं. तो उठायला लागला. बाईंनी हात जरासा वर करून त्याला बस अशी खूण केली, पुढच्याला आत घेतलं आणि दार लावलं.

तो परत बसला. शेजारी एक मुलगी फाइल घट्ट धरून बसली होती. आतल्या मॅडम फार कडक आहेत का हो, असं तिने त्याला हळूच विचारलं.

"फार," तो म्हणाला, आणि त्याचा सगळा चेहरा हसत होता.